वीस क्विंटल तूर गेली कुठे? डाळ मिलच्या संगणकातली एक नोंद



आपल्या भागात हल्ली बचत गटांच्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या डाळ मिल, तेलघाणे, मसाला कांडप, हळद पावडरीचे छोटे कारखाने उभे राहू लागले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळ मिल तर बऱ्याच गावांत ओळखीची झाली आहे. कर्जाच्या प्रकरणाला हिशोब लागतो, म्हणून कोपऱ्यात एक संगणक आणि त्यावर टॅलीसारखे एखादे सॉफ्टवेअर असतेच. खरेदीची पावती, विक्रीचे बिल त्यात व्यवस्थित चढते. पण मधले जे खरे काम, म्हणजे पोते फोडले, माल यंत्रात टाकला आणि पक्का माल बाहेर आला, त्याची नोंद कशी करायची हे सहसा कुणी नीट शिकवत नाही. या एका नोंदीपायी एका गावात काय झाले, ते आज सांगणार आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण कुणाची बदनामी नको. चूक कुणाची होती ते मात्र पुढे सांगेन.

नऊ बचत गटांनी मिळून चालवलेली ही डाळ मिल. जानेवारीत तूर यायला लागली की गटातल्या बायका आपल्या आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांची तूर विकत घेतात, डाळ करतात आणि तालुक्याच्या बाजारात व वसतिगृहांना विकतात. यंत्रावर एक मिस्तरी, पन्नाशीचा माणूस, पूर्वी शहरातल्या मोठ्या मिलवर काम केलेला. हिशोबाला गावातलीच एक बी.कॉम. झालेली मुलगी. गोदामाची किल्ली मिस्तरीकडे, कारण पहाटे पोती काढायची तर तोच आधी येतो.

३१ मार्च २०२५ ला वर्षअखेरचा माल मोजायला बसले. संगणक सांगत होता की कच्च्या तुरीच्या गोदामात ८,३८४ किलो तूर शिल्लक पाहिजे. पोती मोजली तर १२८ भरली. पन्नास किलोचे पोते, म्हणजे ६,४०० किलो. पुन्हा मोजली, तीच. कमी किती, तर १,९८४ किलो. वीस क्विंटलला सोळा किलो कमी. २०२४-२५ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या भावाने हे १,४९,७९२ रुपये झाले. महिन्याला शंभर-दोनशे रुपये बचत करणाऱ्या बायकांना दीड लाख म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

मिस्तरीला तोंडावर कुणी चोर म्हटले नाही. "मामा, हिशोब लागेपर्यंत आठ दिवस घरी थांबा," एवढेच अध्यक्षाताई म्हणाल्या. पण गावात तेवढे पुरते. किल्ली कुणाकडे होती हे सगळ्यांना माहीत. त्याची बायको त्याच नऊ गटांपैकी एकात होती, ती पुढच्या बैठकीला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिस्तरी माझ्याकडे एकदाच आला, मोटारसायकलच्या शेजारी उभा राहून म्हणाला, "साहेब, मी एक दाणा बी उचलला नाही. पण संगनक म्हनतोय म्हनल्यावर माझं कोन ऐकतंय?"

अध्यक्षाताईंनी मला बोलावून घेतले. "साहेब, मिल तुम्हीच आणली, आता तुम्हीच बघा."

पंच्याहत्तरचा आकडा

आता थोडे संगणकाच्या पोटात शिरू. घाबरू नका, त्यात अवघड काही नाही.

टॅलीमध्ये पक्क्या मालाला कच्च्या मालाची यादी जोडून ठेवता येते. तिला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. घरात कसे, एवढ्या पायली ज्वारीला एवढी उडीद डाळ, एवढे मीठ, असे पापडाचे प्रमाण ठरलेले असते, तशीच ही यादी. शंभर किलो डाळीला इतकी तूर, इतके तेल, इतकी पोती. एकदा हे प्रमाण बसवले की उत्पादनाच्या नोंदीत, जिला टॅलीत मॅन्युफॅक्चरिंग जर्नल म्हणतात, तुम्ही फक्त 'आज ७०२ किलो डाळ निघाली' एवढे टाकायचे. किती तूर लागली असेल ते संगणक प्रमाणावरून मागे हिशोब करून काढतो, तो आकडा नोंदीत आपोआप येऊन बसतो, आणि नोंद जतन केली की तेवढी तूर गोदामातून वजा होते. आलेला आकडा खोडून खरा आकडा टाकता येतो. पण घाईच्या वेळी कोण खोडतो? आमच्या मुलीला तर तो खोडायचा असतो हेच कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

प्रमाण बसवायच्या दिवशी हिशोबनिसाच्या कचेरीतला एक मुलगा आला होता. त्याने मला विचारले, "साहेब, उतारा किती धरू?" मी म्हणालो, पंच्याहत्तर. प्रशिक्षणाच्या टिपणवहीत तोच आकडा होता. शंभर किलो तुरीला पंच्याहत्तर किलो डाळ. त्याने तसे बसवले आणि चहा पिऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक बॅचची तूर त्या पंच्याहत्तरने ठरत गेली. काट्यावर कुणी चढवली, किती चढवली, याचा त्या नोंदीशी काही संबंध राहिला नाही.

मी आणि लेखनिक मुलगी दोन तास पडद्यापुढे बसलो. खरेदीची बिले तपासली, बरोबर. विक्रीची तपासली, बरोबर. माझे डोके चालेना. शेजारी गटाच्या खजिनदार काकू बसल्या होत्या. चौथी शिकलेल्या, पण आकड्याला पक्क्या. त्या बराच वेळ उत्पादनाच्या नोंदी वाचून घेत होत्या. मुलगी वाचत होती, "तूर वापरली ९३६ किलो, ९२८ किलो, ९४० किलो..." काकू मधेच म्हणाल्या, "थांब गं. पोतं पन्नास किलोचं. मग ९३६ किलो तूर कशी काय टाकली? अठरा पोती आन् वर छत्तीस किलो? उरलेली चौदा किलो पोत्यात बांधून ठिवतो का तो?"

बरोबर होते. मिस्तरी वीस पोती फोडतो, एक बॅच लावतो. वीस पोती म्हणजे १,००० किलो. एकतीस बॅचमध्ये एकदाही संगणकात १,००० हा आकडा नव्हता. ७०२ ला पंच्याहत्तर टक्क्यांनी मागे नेले की ९३६ येतात. दर बॅचला सरासरी ६४ किलो तूर यंत्रात गेली होती, पण कागदावर गोदामातच पडून होती. ३१ बॅच गुणिले ६४, म्हणजे १,९८४ किलो.

जी तूर 'चोरीला' गेली होती, ती मार्चच्या आतच दळून झाली होती.

उसाचे वजन साखरेवरून काढले तर?

हे जरा समजून घ्या, कारण तुमच्याही मिलमध्ये हेच चाललेले असू शकते.

हंगामात याच वर्तमानपत्रात तुम्ही साखर कारखान्यांचे गाळप आणि उतारा वाचता. अमुक टन ऊस गाळला, इतकी पोती साखर झाली, उतारा इतका. तिथे ऊस काट्यावर मोजतात, साखर वेगळी मोजतात आणि दोन्हींवरून उतारा काढतात. उद्या एखादा कारखाना म्हणाला की आम्ही काटा बंद केला, साखरेची पोती मोजतो आणि उतारा साडेदहा धरून तुमचा ऊस किती आला ते ठरवतो, तर तुम्ही काय कराल? दुसऱ्या दिवशी गेटसमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहतील. आम्ही आमच्या डाळ मिलमध्ये नेमके हेच करत होतो, आणि ते संगणकात होते म्हणून कुणाला खटकले नाही.

उतारा हा मोजून काढायचा असतो. आधी धरून ठेवला की तो नेहमी बरोबरच येतो. आमच्या संगणकात ३१ च्या ३१ बॅचचा उतारा बरोबर ७५ टक्के होता. खरे तर तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. ऊन कमी-जास्त, तूर वेगवेगळ्या शेतातली, कुणाची पांढरी बीडीएन ७११, कुणाची लाल बीएसएमआर ७३६, आणि उतारा रोज तोच? दुभत्या म्हशीसुद्धा रोज सारखे दूध देत नाहीत.

मग पंच्याहत्तर खोटे होते का?

हा प्रश्न काकूंनीच विचारला, आणि त्याचे उत्तर शोधायला आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक बॅच सगळ्यांसमोर लावली. मिस्तरीचा हाताखालचा पोरगा यंत्रावर होता. बाजार समितीतल्या एका व्यापाऱ्याकडून आर्द्रता मोजायचे यंत्र मागून आणले.

डाळ कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण वजन कुठे कुठे कमी होते ते कळायला हवे. तूर आधी चाळणीवर जाते, काडीकचरा आणि खडे निघतात. मग रोलवर दाण्याला ओरखडे पाडतात, क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळतात, रात्रभर ढीग लावतात आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. पुन्हा रोलवर घालून टरफल काढतात. सोललेला पण न फुटलेला दाणा म्हणजे गोटा. त्याला पाणी मारून, वाळवून, फोडतात. शेवटी चाळणीवर डाळ, कणी, चुणी आणि टरफल वेगवेगळे पडते.

आमच्या बॅचचे आकडे असे आले. फोडली १,००० किलो. चाळणीत कचरा-माती निघाली २२ किलो. पक्की डाळ ६९८, कणी ५१, चुणी ८१ आणि टरफल ११२ किलो. याची बेरीज करा, ९६४ होते. उरलेले ३६ किलो कुठे गेले? तूर आली तेव्हा ओलावा १३ टक्के होता, बाहेर पडलेला माल १० टक्क्यांवर आला होता. कचरा काढलेल्या ९७८ किलोला हा तीन टक्क्यांचा फरक लावला की ३३ किलो पाणी उडाले असा हिशोब येतो. राहिले ३ किलो, ते धूळ म्हणून धरले. पंख्यासमोर उभे राहून पाहिले तर तीन किलो जास्त वाटत नाहीत.

आता बघा. डाळ ६९८ आणि कणी ५१ मिळून होतात ७४९. म्हणजे जवळजवळ पंच्याहत्तर टक्केच! टिपणवहीतला आकडा खोटा नव्हता. त्यात कणी धरलेली होती. आमची मुलगी मात्र डाळ म्हणून फक्त पक्की डाळ टाकत होती, कारण कणी वेगळ्या भावाने, वेगळ्या पोत्यात, रोखीने विकली जायची आणि तिची नोंद संगणकात नव्हतीच. ती होती खजिनदार काकूंच्या वहीत. वही काढली, हंगामाची बेरीज केली, कणी १,४७० किलो. पंच्याहत्तर टक्क्यांनी मागे नेली तर १,९६० किलो तूर. आपली तूट होती १,९८४. चोवीस किलोचा फरक राहिला, तो सांडलवंड, उंदीर आणि काट्याचा.

म्हणून कुणीही तुम्हाला उतारा सांगितला की आधी दोन गोष्टी विचारा. कणीसकट की कणीशिवाय? आणि आलेल्या तुरीवर की चाळलेल्या तुरीवर? आमचीच बॅच घ्या. आलेल्या तुरीवर कणीशिवाय काढला तर उतारा ६९.८ टक्के, चाळलेल्या तुरीवर कणीसकट काढला तर ७६.६ टक्के. बॅच एकच आणि आकड्यांत सात टक्क्यांची तफावत. हिशोबनिसाच्या पोराने विचारले तेव्हा मी हे दोन प्रश्न स्वतःला विचारले नाहीत. ती माझी चूक, आणि तिची शिक्षा दुसऱ्याला झाली.

भाव कसा बरोबर आला?

तुम्ही म्हणाल, दर बॅचला ६४ किलो तूर हिशोबात येत नव्हती, तर डाळीचा भाव चुकला असेल, तोटा दिसला असेल. गंमत म्हणजे तसे झाले नाही, आणि म्हणूनच तीन महिने कुणाच्या लक्षात आले नाही.

हमीभावाने हिशोब करू. संगणकाच्या मते ७०२ किलो डाळीला ९३६ किलो तूर लागली, तिची किंमत ७०,६६८ रुपये, म्हणजे किलोला १०० रुपये ६७ पैसे पडले. प्रत्यक्षात लागली १,००० किलो, किंमत ७५,५००, किलोला १०७ रुपये ५५ पैसे. जवळजवळ सात रुपयांचा फरक. पण कणी, चुणी, टरफल विकून जे पैसे येत होते, तेही संगणकात नव्हते. कणी साठ रुपये, चुणी वीस रुपये, टरफल आठ रुपये किलो असे ढोबळ भाव धरले तर एका बॅचमागे पाच हजार तीनशेच्या आसपास येतात. ते वजा केले की डाळ किलोला शंभर रुपयांनाच पडते. एका चुकीने दुसरी चूक झाकली. कणी-चुणीचा पैसा डब्यात यायचा आणि हमाली, चहा, सुतळी, डिझेल यात जायचा. काकूंनी पै न पै लिहिली होती, पण वहीत.

आता चुणीचा भाव पडला, किंवा एखाद्या महिन्यात कणी जास्त निघाली, तर? संगणकाला कळणारच नाही. तुम्ही शंभरात पडली म्हणून एकशे चारला विकाल, आणि पडलेली असेल एकशे पाचला.

नोंद कशी करावी

आम्ही पुढे काय बदलले ते सांगतो. टॅली असो की दुसरे काही, रीत तीच आहे.

पहिली गोष्ट, काट्याशेजारी कागद ठेवला. बॅच नंबर, तारीख, किती पोती फोडली आणि त्यांचे रिकाम्या पोत्याचे वजन वजा जाता किलो, तेल किती, विजेच्या मीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा. बॅच उतरली की डाळ, कणी, चुणी, टरफल, कचरा असे प्रत्येकाचे वजन. खाली दोन सह्या, यंत्र चालवणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची. मुलगी संगणकात त्या कागदावरून नोंद करते. यादीतून तूर ९३६ आली तरी ती खोडून कागदावरची १,००० टाकते. प्रमाणाची यादी आम्ही काढून टाकलेली नाही. ती राहू दिली आहे मापदंड म्हणून. प्रमाण काय सांगते आणि प्रत्यक्ष काय लागले, यातला फरक महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवतात. फरक दोन-तीन टक्क्यांत असेल तर सोडून देतात. एकदम वाढला तर तूर ओली होती का, रोल झिजला का, चाळणी फाटली का, हे बघतात.

दुसरी गोष्ट, कणी-चुणी-टरफलाला संगणकात स्वतःचे नाव दिले. टॅलीत यादीतल्या वस्तूला उपपदार्थ किंवा भंगार म्हणून दाखवायची सोय आहे. ती सेटिंगमध्ये चालू करून घ्यावी लागते, तुमच्या माणसाकडून करून घ्या. उत्पादनाच्या एकाच नोंदीत मग तूर वजा होते, डाळ जमा होते आणि कणी-चुणीही जमा होते. त्यांची किंमत डाळीच्या खर्चातून कमी होते. हमाली, वीज हा वरखर्चही त्याच नोंदीत टाकता येतो, म्हणजे किलोमागे खरा खर्च किती, ते समोर येते. फक्त एक लक्षात ठेवा. टॅली रुपयांचा मेळ घालते, किलोचा नाही. तुम्ही १,००० किलो घालून ७०० किलो काढले, किंवा चुकून १,१०० काढले, तरी ती स्वतःहून विचारणार नाही की बाई, हे कसे? किलोची बेरीज कागदावर तुम्हालाच करावी लागते. उडालेले पाणी आणि धूळ नोंदीच्या तळाशी शेऱ्यात लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट वाळवणाची. ही बहुतेक ठिकाणी राहून जाते. तूर फोडली आणि दोन-तीन दिवस ओट्यावर पडली आहे. ती आता गोदामात नाही आणि डाळही झालेली नाही. त्या दिवशी कुणी तपासणीला आले तर दहा क्विंटलची तूट दिसते. यासाठी संगणकात 'वाळवण ओटा' नावाचे वेगळे गोदाम उघडा. पोती फोडली त्या दिवशी तूर मुख्य गोदामातून ओट्यावर गेली अशी बदलीची नोंद करा, आणि बॅच उतरली की उत्पादनाची नोंद करताना तूर ओट्यावरून वजा करा. दोन नोंदी कराव्या लागतात, कंटाळा येतो, खरे आहे. पण आमच्या मिस्तरीच्या बाबतीत हे असते तर वीस पोती गोदामातून निघाली हे पहिल्याच दिवशी संगणकात आले असते.

नोंद ज्या दिवसाची त्याच दिवशी करावी. आमच्याकडे उत्पादन शनिवारी एकदम चढवत आणि विक्री रोज, त्यामुळे मंगळवारी डाळीचा साठा उणे दिसायचा. मुलगी म्हणायची, शनिवारी होतं बरोबर. होत असेल, पण उणे साठ्याची सवय लागली की खरी तूटही मग दिसेनाशी होते.

एक किलोच्या पिशव्या भरत असाल तर भरणे हेसुद्धा वेगळे उत्पादन आहे. सुटी डाळ आणि रिकाम्या पिशव्या वजा, भरलेल्या पिशव्या जमा. सील करताना जळालेल्या, फाटलेल्या पिशव्या मोजून टाका. पिशवी दोन-तीन रुपयांची वाटते, पण हंगामात तो आकडा बराच होतो.

काहींनी हल्ली ईआरपीनेक्स्ट हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेतले आहे. त्यात तर ठरवूनच ठेवता येते की कच्चा माल प्रमाणावरून वजा करायचा, की कामासाठी प्रत्यक्ष जितका काढून दिला त्यावरून. छोट्या मिलने दुसरा पर्याय निवडावा असे माझे मत आहे. पहिला पर्याय जिथे माल नगावर मोजतात तिथे ठीक. एका सायकलला दोनच चाके लागतात, त्यात उतारा नसतो. शेतमालाचे तसे नाही.

हे सगळे केवळ आपल्या समाधानासाठी नाही. अन्न परवान्याच्या अटींतच उत्पादन, कच्च्या मालाचा वापर आणि विक्री यांची रोजची नोंद ठेवण्याची अट आहे. जीएसटीची नोंदणी असेल तर नियम ५६ प्रमाणे उत्पादकाने दरमहा लागलेला कच्चा माल, तयार झालेला माल आणि त्यातला टाकाऊ भाग व उपपदार्थ यांचे वजनासह हिशोब ठेवायचे असतात. म्हणजे कणी-चुणी वहीत ठेवून चालत नाही. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "वही मी सोडनार नाही. संगनकात घाला, पन वही राहू द्या." राहू दिली. त्या वहीनेच तर सगळे उलगडले होते.

मिस्तरीचे सांगायचे राहिले. हिशोब लागला त्या संध्याकाळी अध्यक्षाताई, काकू आणि मी त्याच्या घरी गेलो. तोवर आठ दिवसांचे पंधरा झाले होते आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी एका मिलवर कामाला लागला होता, रविवार म्हणून घरी होता. मी त्याला सांगितले की पंच्याहत्तरचा आकडा माझा होता. त्याने ऐकून घेतले. बायकोने चहा केला, पण बाहेर आली नाही. तो म्हणाला, "तिकडं शब्द दिलाय साहेब. हंगाम संपल्यावर बघू." अध्यक्षाताईंनी पुढच्या बैठकीत नऊही गटांसमोर कागद वाचून दाखवला, ६९८, ५१, ८१, ११२, सगळा. त्या बैठकीलाही त्याची बायको नव्हती. ती दिवाळीनंतर यायला लागली.

पुढच्या जानेवारीत तो परत आला. किल्ली घ्यायला मात्र तयार नाही. किल्ली आता काकूंकडे असते, आणि त्या पहाटे साडेपाचला येऊन दार उघडतात. बॅचच्या कागदाची एक प्रत तो स्वतःच्या घरी नेतो. मी एकदा विचारले, मामा, घरी कशाला? त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली चळत दाखवली, पहिल्या बॅचपासूनची, तारीखवार, दोन्ही सह्यांसकट. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला.